गुरुजी, तुम्हांला काय आवडते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे चालली होती. बाहेर धो धो पाऊस, आत वाफाळलेला आमटीभात, आणि तोंडी लावायला आमच्या सातवीतल्या कन्येच्या शाळेच्या बातम्या. बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि म्हणाली,

"बाबा, आमच्या बाईंना काही आवडतं का हो?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे असं बघा, आजोबांना बुद्धिबळ आवडतं. आईला नाटकातली गाणी आवडतात. समोरच्या काकांना जुनी घड्याळं उघडून बसायला आवडतं. तसं बाईंना काय आवडतं? वर्गात कुणालाच माहीत नाही. आम्ही पैज लावली होती. एक जण म्हणाली, बाईंना फक्त शांतता आवडते!"

मी हसलो आणि हसता हसता मला ठसका लागला. आमच्या सौभाग्यवतींनी पाण्याचे भांडे पुढे सरकवले आणि अगदी थंडपणे विचारले, "हसताय काय? असल्या बाई तयार करण्याच्या कारखान्यात दर शनिवारी तुम्हीच जाता ना?"

आता इथपर्यंत आल्यावर वाचकांपुढे कबुलीजबाब दिल्यावाचून गत्यंतर नाही. मी पोटापाण्यासाठी कॉलेजात मराठी शिकवतो. त्याशिवाय गेली काही वर्षे शनिवारी एका अध्यापक महाविद्यालयात जाऊन मराठीच्या अध्यापनपद्धतीचे तास घेतो. हंगामात छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहतो. पाठ पाहायचा म्हणजे शाळेतल्या वर्गात शेवटच्या बाकावर पाय दुमडून बसायचे आणि पाठटाचणाच्या वहीत तांबड्या शाईने शेरे मारायचे. तेव्हा सौभाग्यवतींचा नेम चुकला होता असे मला म्हणता येईना. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझाच एक जुना शेरा आठवला. तो आधी सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडे सोलापूरचा एक विद्यार्थी होता. उंच, सावळा, बोलायला जरा भिडस्त. सहावीच्या वर्गावर त्याचा संख्याविशेषणांचा पाठ होता. प्रस्तावना झाली, हेतुकथन झाले. फळ्यावर गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक अशी उतरंड रचून झाली. दहा मिनिटांत पोरे जांभया देऊ लागली. तेव्हा त्याच्या मनात काय आले कोण जाणे! त्याने हातातले टाचण टेबलावर ठेवले आणि विचारले, "तुमच्यापैकी विटीदांडू कोण कोण खेळलंय?"

चार हात वर झाले. "आम्ही खेळताना मोजायचो कसं, ठाऊक आहे? वकट, लेंड, मूंड, नाल!" झाले! वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "आमचे आजोबा पण असंच म्हणतात!" दुसरा म्हणाला, "ही कुठली भाषा, सर?" त्याने डस्टरची विटी केली, फूटपट्टीचा दांडू केला, आणि संख्याविशेषणे बिचारी फळ्यावर लटकत राहिली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा पाठाची निम्मी उद्दिष्टे शिल्लक होती.

मी वहीत लिहिले, "विषयांतर. वर्गनियंत्रण नाही. विटीदांडूचा पाठ्यघटकाशी संबंध काय?" आणि गुण कापले.

संध्याकाळी तो मला भेटायला आला. तक्रार करायला नव्हे, माहिती द्यायला. तो म्हणाला, "सर, संबंध होता. मला नीट सांगता आला नाही. आमच्या शेजारी विणकर लोक राहतात. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. लहानपणी माझा मित्र मला म्हणाला होता, तुम्ही विटीदांडूत मोजता ते आमचे आकडे आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार! आपण खेळात परक्या भाषेतले आकडे म्हणतो आणि आपल्याला ते आपलेच वाटतात, हे मला मुलांना सांगायचं होतं. संख्याविशेषणंच होती की हो ती!"

वाचकहो, मी मराठीचा एम. ए. मराठीवर शेजारच्या द्राविडी भाषांचे किती ऋण आहे यावर मी कॉलेजात रंगून रंगून बोलतो. आणि तेच ऋण एका पोरसवद्या मास्तराने विटीच्या टोल्याने वर्गात उडवून दाखवले, तेव्हा मी त्याला विषयांतर म्हटले! त्या दिवशीही मी सावरू शकलो असतो. पण मी म्हणालो, "छान आहे, पण हे सगळं टाचणात हवं होतं." शेरा खोडला नाही.

त्याचे पुढचे सगळे पाठ निर्दोष झाले. टाचणातला शब्द इकडचा तिकडे झाला नाही. गुणही चांगले पडले. दोन वर्षांनी तो मला एस. टी. स्थानकावर भेटला. नोकरी लागली होती. मी उगाच विचारले, "काय, वर्गात विटीदांडू खेळता की नाही?" तो हसला आणि म्हणाला, "नाही सर. तुमचा शेरा लक्षात आहे."

त्याने ते कुचेष्टेने म्हटले नव्हते, आदरानेच म्हटले होते. म्हणून ते अधिक लागले.

आता गंमत पाहा. आमच्या अभ्यासक्रमात खेळाला बंदी मुळीच नाही. उलट 'क्रीडन पद्धती' हा परीक्षेला हमखास येणारा प्रश्न आहे. खेळातून शिक्षणाचे फायदे किती, मर्यादा किती, हे विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवतात. आम्ही खेळाच्या महत्त्वावर पन्नास मिनिटे व्याख्यान देतो आणि त्या वेळात वर्गात कुणी कुजबुजले तर त्याला उभे करतो. पोहण्याच्या फायद्यांवर निबंध लिहवून घेऊन एखाद्याला विहिरीत ढकलावे, तशातला हा प्रकार!

ज्यांनी ही पद्धत जगाला दिली, ती माणसे मात्र अशी कोरडी नव्हती. बालोद्यानाचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल घ्या. त्याला तरुणपणी रानाचा नाद होता, पुढे स्फटिकांचा लागला. बर्लिनच्या खनिज संग्रहालयात तो स्फटिक लावण्या-निवडण्याचे काम करीत असे. 1837 साली जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि त्यांच्या हाती चेंडू, लाकडी घन, दंडगोल आणि ठोकळे दिले. त्या ठोकळ्यांच्या रेखीव घाटात त्याचे स्फटिकांचे वेड उतरले आहे, असे जाणकार सांगतात. म्हणजे संग्रहालयातल्या एका कारकुनी कामाचा नाद शेवटी जगभरच्या पोरांच्या मुठीत आला! अमेरिकेतला थोर वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट म्हातारपणीही सांगत असे की, आईने लहानपणी आणून दिलेले ते ठोकळे आपल्या बोटांत अजून आहेत. आणि फ्रोबेलने ज्या तरुणींना शिक्षिका म्हणून तयार केले, त्यांना नुसती व्याख्याने दिली नाहीत. त्यांना ते खेळ खेळायला आणि ती गाणी म्हणायला लावले.

इंग्लंडात केंब्रिजच्या पर्स शाळेत कॉल्डवेल कुक नावाचा मास्तर होता. त्याला वेड नाटकाचे. तो मुलांना नाटके वाचायला देण्याऐवजी ती उभी करायला लावी. 1917 साली त्याने आपल्या अनुभवांचे जे पुस्तक काढले, त्याच्या नावातूनच 'प्ले वे' हा शब्द शिक्षणशास्त्रात रूढ झाला. आमचे विद्यार्थी परीक्षेत त्याची व्याख्या लिहितात. पण तिच्या मागे एक नाटकवेडा मास्तर उभा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

इतक्या दूर तरी कशाला जायचे? भावनगरचे गिजुभाई बधेका मुळात वकील. कोर्टाची पायरी सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 साली त्यांनी तिथे बालमंदिर काढले. त्यांचा जीव गोष्टींत. लोककथा गोळा कराव्यात, मुलांना रंगवून सांगाव्यात, हा त्यांचा छंद. पुढे गोष्ट सांगण्याचे शास्त्रच त्यांनी लिहून ठेवले. भरघोस मिशांचे हे वकीलसाहेब मुलांत इतके रमत की, लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई म्हणू लागले. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर चौथीचा वर्ग हाती घेतो तो धड्याने नव्हे, गोष्टीने आणि खेळाने. आणि त्याला सर्वांत जास्त त्रास मुले देत नाहीत, देतात ते बरोबरीचे शिक्षक आणि पालक! ते वाचताना मला माझी तांबडी शाई आठवल्यावाचून राहत नाही.

याच भावनगरात गिजुभाईंच्या बालमंदिराला जोडून शिक्षक तयार करणारे अध्यापन मंदिर निघाले आणि इथेच आपल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. त्याआधी ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. शिक्षिका घडवण्याच्या एका मोठ्या संस्थेची खुर्ची सोडून त्या लहान मुलांत जमिनीवर येऊन बसल्या. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या आणि 1957 मध्ये डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ होत्याच. तिथे परदेशी बनावटीची महाग साधने कुठून आणायची? मग शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर आहे, तो या खटाटोपातून आलेला. शिंपल्यांनी खेळायला आणि मोजायला शिक्षिका आधी स्वतः तयार हवी, नाहीतर शिंपले टोपलीतच राहतात.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते थेट शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आज त्याला नर्मदापुरम म्हणतात) 1972 साली सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. पुढे 1978 मध्ये तो जिल्हाभरच्या माध्यमिक शाळांत गेला. सुट्टीत शिक्षकांची शिबिरे भरत. तिथे सहावी ते आठवीचे मास्तर मुलांसारखे टोळ्या करून बसत आणि पुस्तकातले प्रयोग स्वतः करून पाहत. बेडूक पाहणे, पाने गोळा करणे, काही जोडणे, मोडणे, भांडणे, सारे आले. प्रयोग फसला तर का फसला, हाही अभ्यासच.

1978 सालीच पुण्याच्या टेल्को कारखान्यातले एक तरुण इंजिनियर एक वर्षाची रजा टाकून तिथे गेले. नाव अरविंद गुप्ता. गावच्या आठवडी बाजारात हिंडताना त्यांच्या हाती सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी लागली. तिचे बारीक तुकडे केले, त्यांत आगपेटीच्या काड्या खोचल्या, आणि त्रिकोण, चौकोन, घरे, मनोरे तयार होऊ लागले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. भूमितीचे आणि बांधकामाचे एक मोठे तत्त्व चार आण्यांच्या सामानात मास्तरांच्या बोटांना कळले. गुप्तांनी पुढे सारे आयुष्य खेळण्यांना वाहिले. पुण्याच्या 'आयुका'त त्यांनी हजारो मुलांना ती करायला शिकवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा प्रयोग मात्र 2002 साली सरकारी आदेशाने बंद झाला. तीस वर्षे चाललेली गोष्टही एका कागदाने थांबते.

या साऱ्या माणसांत मला एक गोष्ट समान दिसते. प्रत्येकाचा काही तरी नाद होता आणि तो शाळेच्या फाटकाबाहेर चपलांसारखा काढून ठेवावा, असे त्यांना वाटले नाही. आम्ही मात्र छात्राध्यापकाला पहिल्या दिवसापासून नेमके तेच शिकवतो.

तर त्या पावसाळी रात्रीनंतरच्या शनिवारी मी वर्गात गेलो आणि हजेरी घेण्याऐवजी प्रत्येकाला एक कागद दिला. वर प्रश्न लिहिला होता, "तुम्हांला काय आवडते? वाचन, लेखन, समाजसेवा ही उत्तरे चालणार नाहीत." पाच मिनिटे कुणी पेनच उचलले नाही. मग एकीने भीत भीत विचारले, "सर, याला गुण आहेत का?" नाहीत म्हटल्यावर पेने चालू लागली. काय काय निघाले त्या कागदांतून! एका मुलीला रेल्वेची वेळापत्रके पाठ करण्याचा नाद होता. एकजण भजनी मंडळात पखवाज वाजवत होता. एका विवाहित बाईंना गोधड्या शिवायला आवडत होते, आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या कोणत्या कपड्याचा, हे त्या सांगू शकत होत्या. वर्षभर मी या लोकांना शिकवत होतो आणि मला त्यांचे हजेरीपटावरचे अनुक्रमांक तेवढे माहीत होते!

दुसऱ्या शनिवारी आम्ही खेळलो. खेळ घरगुतीच. पोरे 'नाव, गाव, फळ, फूल' खेळतात, त्याचे व्याकरण केले. एक अक्षर काढायचे आणि त्या अक्षराने सुरू होणारे नाम, विशेषण, क्रियापद आणि क्रियाविशेषण लिहून त्यांचे वाक्य करायचे. 'क' निघाला. "काळा कावळा कधीकधी कुरकुरतो" या वाक्याला टाळ्या पडल्या. पण दुसऱ्या टोळीने "कर्णा कडू बोलतो" असे वाक्य दिले आणि वर्ग पेटला. यातले 'कडू' विशेषण की क्रियाविशेषण? अर्धा तास वाद झाला. व्याकरणाच्या तासाला ज्यांनी कधी तोंड उघडले नव्हते, ते बाके बडवून बोलत होते. कडू बोलणे म्हणजे कसे बोलणे, हा प्रश्न एकाने केला आणि उत्तर त्याचे त्यालाच सापडले. तिसऱ्या फेरीत मीही खेळलो आणि 'ढ' अक्षरावर हरलो. त्या हरण्याचा उपयोग माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक झाला, कारण नंतर एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, चुकलं तरी चालतं असं पहिल्यांदाच वाटलं."

मला वाटते, खेळाचे खरे काम हे आहे. पाठात चूक झाली की गुण जातात, खेळात चूक झाली की फक्त डाव जातो, आणि डाव पुन्हा मांडता येतो. ज्या शिक्षकाला स्वतःला चुकण्याची धास्ती, तो मुलांना चुकू कसे देणार? आपल्याला जसे शिकवले तसेच आपण शिकवतो. दोन वर्षांच्या बी. एड.मध्ये तो एकदाही खेळला नाही, तर पुढची तीस वर्षे तो खेळेल, अशी आशा कशाच्या जोरावर करायची?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचे पखवाजवाले गृहस्थ पुढच्या पाठात इतके रंगले की, वृत्तांचा तास होता आणि मुलांना लघु-गुरूपेक्षा त्यांचे बोलच पाठ झाले. तुमचा नाद मुलांना दार उघडून देतो की त्यांच्या डोक्यावर बसतो, हे पाहावे लागते. मी त्यांना एवढेच विचारले, "पाठात मुलांनी किती वेळा टाळी वाजवली?" ते विचारात पडले. पुढच्या खेपेला पखवाज घरी होता आणि मुले स्वतःच्या मांडीवर लघु-गुरू वाजवत होती. वहीत लिहायचा तांबडा शेरा मी या वेळी प्रश्न म्हणून विचारला, इतकाच काय तो फरक.

आणि सरकारी परिपत्रकांबद्दलही एक शब्द. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने बालशिक्षणात खेळाला मानाचे पान दिले आहे. 2023 साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटीही केंद्र सरकारने काढली. चांगलेच झाले. भीती एवढीच की, उद्या टाचणाच्या वहीत 'खेळ घेतला: होय / नाही' असा एक रकाना वाढेल आणि मास्तर मुकाट्याने 'होय' लिहितील. पेटी वरून पाठवता येते. ती उघडताना डोळ्यांत जी चमक लागते, ती तयार करण्याचे काम आमच्यासारख्यांच्या वर्गात व्हायला हवे.

कन्येच्या पैजेचे काय झाले, ते सांगून पुरे करतो. सप्टेंबरात पालकसभा होती. सगळ्यांचे गुणांबद्दल विचारून झाल्यावर मी तिच्या बाईंना म्हटले, "बाई, रागावू नका. तुम्हांला काय आवडतं?" त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी शब्दकोडी रचते. सोडवत नाही, रचते. वह्या भरल्यात. पण अभ्यासक्रम पुरा करायचा, पेपर तपासायचे, निवडणुकीची कामं… शाळेत कधी हे विचारलंच नाही हो कुणी." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मलाही उत्तर सुचले नाही. त्यांचा वेळ खाणाऱ्या कामांवर माझ्याजवळ कसलाच इलाज नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी कन्या घरी आली ती दप्तर न टाकताच माझ्यापुढे उभी राहिली. "बाबा, बाईंनी फळ्यावर कोडं घातलं! तास संपला तरी सुटलं नाही. उरलेलं सुट्टीत घरी सोडवायला दिलंय. आडवा सात मला येत नाहीये."

मलाही आडवा सात आलेला नाही. पण त्याआधी एक काम करायचे आहे. सोलापूरच्या एका शिक्षकाचा पत्ता शोधून त्याला दिवाळीचे पत्र टाकायचे आहे. पत्रात एकच ओळ लिहीन म्हणतो, की सहा-सात वर्षांपूर्वीचा तो शेरा कृपा करून खोडून टाकावा, आणि विटी पुन्हा हाती घ्यावी.